कोरियाला निघालेल्या मुरबाड-शहापूरकरांसाठी

शेतकऱ्यांना परदेशी अभ्यास दौऱ्यावर नेण्याची राज्याच्या कृषी विभागाची योजना जुनी आहे. खर्चाच्या निम्मं, पण जास्तीत जास्त एक लाख रुपये, इतकं अनुदान सरकार देतं आणि बाकीची रक्कम शेतकऱ्याने स्वतः भरायची. इस्रायल आणि युरोप ही नावं त्या यादीत आधीपासून होती, अलीकडे दक्षिण कोरियाचंही नाव आलं. म्हसा, धसई, सरळगाव, किन्हवली, डोळखांब या भागातल्या कोणाला त्यात रस असेल तर तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी. दरवर्षीच्या अटी आणि देश तिथेच नीट कळतात. योजनेतून न जाता सहल कंपनीबरोबर किंवा घरच्या घरी बेत आखून जाणारेही आता आहेत. मुलं मोबाइलवर कोरियन मालिका पाहतात आणि एक दिवस आईवडिलांनाच म्हणतात, चला, आपण जाऊन येऊ.

अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. सहलीच्या छापील कार्यक्रमात बहुधा सोल शहर, तिथला मनोरा, खरेदीचे रस्ते आणि रात्री भारतीय हॉटेलात जेवण एवढंच असतं. ते वाईट नाही, पण त्यात आपल्या मुलखातल्या माणसाचं नुकसान होतं असं माझं ठाम मत आहे. आपण भात पिकवणारी आणि भात खाणारी माणसं. डोंगराच्या पायथ्याला राहणारी, आठवडी बाजारात आणि म्हसोबाच्या जत्रेत वाढलेली. कोरिया हा मुळात असाच डोंगर, भातखाचरं आणि बाजार यांचा देश आहे. उंच इमारती त्यावर गेल्या दोन पिढ्यांत आल्या. म्हणून सोलला दोन दिवस द्या आणि उरलेले दिवस बाजार, शेत आणि देवस्थानं यांना द्या.

आधी कधी जायचं ते ठरवा. म्हशाची जत्रा पौषी पौर्णिमेला भरते, त्या सुमारास सोलचा पारा शून्याच्या खाली असतो आणि रात्री कधी उणे दहापर्यंतही उतरतो. आपल्याकडची थंडीची कापडं तिथे पुरत नाहीत. जूनच्या अखेरीपासून जुलैअखेरपर्यंत त्यांचा पावसाळा. ऑक्टोबरात पानं लाल-पिवळी होतात, हवा सुरेख असते, पण तेव्हा आपल्याकडे भात कापणीला आलेलं असतं. शेतकऱ्यासाठी सगळ्यात सोयीचा काळ म्हणजे मे महिन्याचा दुसरा पंधरवडा. राबाची भाजणी आणि नांगरट उरकलेली, मृग अजून दूर, आणि नेमकी त्याच वेळी कोरियात भाताची लावणी चालू असते. आपली लावणी सुरू होण्याआधी दुसऱ्याची लावणी बघून यायची ही संधी आहे.

पासपोर्ट आधी काढून ठेवा. भारतीयांना कोरियाचा व्हिसा लागतो आणि कोरियाचा वाणिज्य दूतावास मुंबईतच आहे. ज्यांचं उत्पन्न केवळ शेतीचं आहे त्यांना आयकर विवरणपत्राच्या मुद्द्यावर अडचण येऊ शकते. सात-बारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं सहा महिन्यांचं खाते विवरण असं सगळं गोळा करून ठेवा आणि मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. कोणते कागद चालतील याची ताजी यादी व्हिसा केंद्राकडूनच घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

सामानाबद्दल एक कळकळीची विनंती. मे महिन्यात पेटीभर आंबा घेऊन जावंसं वाटेल, नेऊ नका. ताजी फळं, बियाणं, रोपं, माती आणि मांसाचे पदार्थ कोरियाच्या विमानतळावर अडवतात. येतानाही तिथल्या भाजीचं बी खिशात टाकून आणू नका. आपल्याकडेही वनस्पती संगरोधाचे नियम आहेत आणि ते योग्यच आहेत. एखादी परकी कीड शिवारात शिरली की पुढच्या पिढ्यांना निस्तरावं लागतं. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, भाजणी असं कोरडं आणि बंद पाकिटातलं न्यायला हरकत नाही. त्याचा उपयोग पुढे सांगतो.

कोरियाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. शंभर वॉन म्हणजे ढोबळमानाने सहा रुपये धरा. इंचॉन विमानतळावर उतरल्यावर सोलला जायला थेट रेल्वे आहे, जलद गाडीला पाऊण तास लागतो. विमानतळावरच्या कोणत्याही छोट्या दुकानात टी-मनी नावाचं कार्ड घ्या, ते मेट्रोला आणि बसला दोन्हीकडे चालतं. त्यात पैसे भरायला बहुधा रोख लागते, म्हणून थोडे वॉन हाताशी ठेवा. रस्ता शोधायला आपल्या सवयीच्या नकाशापेक्षा तिथला नेव्हर मॅप अधिक उपयोगी पडतो. वीज २२० व्होल्टचीच आहे आणि आपल्या मोबाइलचा बारीक दोन पिनांचा चार्जर बहुधा तसाच बसतो.

इंग्रजी बोलणारी माणसं शहराबाहेर फारशी भेटत नाहीत. भाषांतराचं पापागो हे ॲप मोबाइलमध्ये घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे निघण्याआधी आठवडाभर रोज अर्धा तास देऊन त्यांची अक्षरं शिका. राजा सेजोंगने १४४६ मध्ये ही लिपी जाहीर केली ती सामान्य रयतेला लिहिता-वाचता यावं म्हणूनच. आज वापरातली मूलभूत अक्षरं चोवीसच आहेत, आणि व्यंजनाला स्वर जोडण्याची ज्याला सवय आहे त्याला ती लवकर जमतात. अर्थ कळला नाही तरी बसची पाटी आणि हॉटेलची पाटी वाचता येते, आणि तेवढ्याने माणूस परावलंबी राहत नाही.

आता जेवणाकडे येतो, कारण जाणाऱ्यांचा सगळ्यात मोठा घोर तोच असतो.

कोरियन जेवणाचं केंद्र म्हणजे भात. आपल्या कोलमसारखा मोकळा नाही, आखूड दाण्याचा आणि एकमेकांना धरून राहणारा. तो झाकणाच्या धातूच्या वाटीत येतो. बरोबर एक रस्सा, आणि भोवती लहान लहान बशांमध्ये तोंडीलावणी: किमची, मोड आलेलं सोयाबीन, लसूण आणि तिळाच्या तेलात परतलेला पालक, मुळा, कधी परतलेली सुकी मासळी. ही तोंडीलावणी संपली तर पुन्हा मागता येतात आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. मात्र घेतलेलं टाकू नये. आमटीभाताबरोबर डाव्या बाजूला चटणी-कोशिंबीर लागणाऱ्या माणसाला हे ताट परकं वाटत नाही. जी सुकी मासळी मिळते ती म्योल्ची, म्हणजे बोटाच्या पेराएवढे मासे, सोया आणि गोडसर पाकात परतलेले. पावसाळ्यात सुकटीवर दिवस काढलेल्या घरातला माणूस ती पहिल्या घासातच आपली म्हणेल.

पण हीच म्योल्ची माळकऱ्यांना अडचणीत आणते. कोरियात बहुतेक रश्श्यांचं पाणी सुक्या मासळीचं किंवा हाडांचं असतं. भाजीचा म्हणून समोर आलेला रस्साही तसाच असतो. किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा खारट अर्क घालतात, त्यामुळे ती दिसायला कोबीची असली तरी शाकाहारी नसते. सोल्लाँगतांग नावाचा दुधासारखा पांढरा रस्सा हा गाईच्या हाडांचा असतो. त्याचा रंग बघून फसू नका. झटपट नूडल्सच्या पाकिटातल्या मसाल्यातही बहुधा गोमांसाचा अर्क असतो. मांस म्हणजे ‘गोगी’. ‘सोगोगी’ गाईचं, ‘द्वेजीगोगी’ डुकराचं आणि ‘ताक्कोगी’ कोंबडीचं, हे तीन शब्द पाठ करा. ‘गोगी प्पेगो जुसेयो’ म्हटलं की मांस वगळून देतात. तरीही मासळी राहते, म्हणून ‘मांस, मासे, कोळंबी, अंडं आणि त्यांचं पाणीही नको’ असं वाक्य कोरियन लिपीत छापून घेतलेला कागद जवळ ठेवा आणि तो दाखवा. यात लाजण्यासारखं काही नाही.

शाकाहारी माणसासाठी खरा आधार म्हणजे तिथल्या बौद्ध मठांचं जेवण. त्यात मांस-मासळी नसतेच, शिवाय कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या तिखट वासाच्या भाज्याही वर्ज्य असतात. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या घराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी परदेशी पाहुण्यांसाठी मठात मुक्काम करण्याची सोय सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. एक रात्र तरी मठात राहा. पहाटे उठवतात, प्रार्थनेला बसवतात आणि जेवण वाडग्यात वाढतात. घेतलेला शेवटचा कणही संपवायचा आणि वाडगा पाण्याने फिरवून ते पाणीही प्यायचं, अशी पारंपरिक मठभोजनाची रीत आहे. मऊ गादी सोडून गरम जमिनीवर अंथरुणात झोपायची तयारी मात्र हवी. घरांची आणि मठांची जमीन खालून तापवण्याची त्यांची पद्धत फार जुनी आहे.

बाकी दिवसांसाठी सोपी युक्ती अशी: कोपऱ्याकोपऱ्यावरच्या छोट्या दुकानांत शिजवलेल्या भाताच्या बंद वाट्या मिळतात, तिथेच यंत्रात गरम करता येतात. त्यावर घरून नेलेलं मेतकूट किंवा कारळ्याची चटणी घेतली की एक वेळ निभावते. तांदळाचा ‘जुक’ म्हणजे आपली पेजच. पोट बिघडलं तर तो मागवा, पण भाज्यांचा आहे ना हे विचारून. बाजारात गोड खायचं असेल तर भाजलेली रताळी, मक्याची कणसं, सोयाबीनच्या पिठात घोळवलेले तांदळाचे मऊ तुकडे, आणि आत गूळसाखर-दाणे भरून तव्यावर दाबलेला होत्तॉक. सोलमधला ग्वांगजांग बाजार १९०५ पासूनचा. तिथे जात्यावर ओले मूग दळून समोरच जाडसर धिरडी तळतात. त्यात डुकराचं मांस किंवा चरबी असू शकते, म्हणून विचारून घ्या.

मांसाहारी लोकांनी कोंबडीपासून सुरुवात करावी. चुनचॉन शहराची तव्यावरची तिखट कोंबडी, आणि पोटात तांदूळ, लसूण व जिनसेंग भरून अख्खी शिजवलेली लहान कोंबडी हे दोन्ही आपल्या जिभेला रुचतात. ही दुसरी ते भर उन्हाळ्यात, ठरावीक दिवशी मुद्दाम खातात. पाल्यात घास गुंडाळून खाण्याची पद्धत तर जरूर अनुभवा: लेट्यूसचं किंवा पेरिलाचं पान तळहातावर घ्यायचं, त्यावर भात, भाजलेलं मांस, लसणाची पाकळी, तिखट सोयाबीनचा लगदा ठेवायचा आणि सगळं एका घासात. त्या वेळी हातानेच खातात. एरवी भात आणि रस्सा चमच्याने, बाकीचं धातूच्या काड्यांनी. काड्या जमत नसतील तर काटा मागा, कोणी हसत नाही. भाताची वाटी हातात उचलून खात नाहीत, ती मेजावरच राहते. आणि काड्या भातात उभ्या खुपसून ठेवू नका, तसा भात मेलेल्या माणसासाठी मांडतात. बक्षिसी देण्याची पद्धत नाही, ठेवलीत तर मागे धावत येऊन परत देतील. शेगडीवर भाजून खायच्या ठिकाणी आणि मोठ्या पातेल्यातल्या रश्श्यासाठी बहुधा किमान दोघांचं मागवावं लागतं, एकट्याने जाताना हे ध्यानात असू द्या.

बहुधा भाद्रपदातल्या पौर्णिमेच्या सुमारास त्यांचा चुसॉक हा पिकाचा सण येतो. त्या दिवसात घरोघर सोंगप्यॉन करतात. तांदळाचं पीठ गरम पाण्यात मळून त्याची पारी करायची, आत तीळ, चेस्टनट किंवा गोड केलेले दाणे भरायचे, कडा दाबून अर्धचंद्राकार आकार द्यायचा आणि पाइनच्या सुया अंथरून त्यावर वाफवायचं. पारीची जाडी, कडा दाबताना अंगठ्याचा जोर, पीठ कोरडं पडू नये म्हणून वर झाकलेलं ओलं फडकं, सगळं आपल्या उकडीच्या कामासारखं. आपण हळदीच्या पानावर पातोळ्या उकडतो आणि पानाचा वास पिठात उतरतो, तिथे पाइनचा उतरतो. त्या सणात पितरांसाठी पान मांडतात, थडग्यांवरचं गवत कापतात. मात्र चुसॉकच्या आणि चांद्र नववर्षाच्या आठवड्यात प्रवास टाळा. सगळा देश गावाकडे निघालेला असतो, गाड्या भरलेल्या आणि दुकानं बंद असतात.

बाजाराबद्दल जरा सविस्तर सांगायचं आहे. कोरियात आपल्यासारखे आठवडी बाजार नाहीत, पाच दिवसांनी भरणारे बाजार आहेत. तारखेच्या शेवटच्या आकड्यावर ते ठरतात. सोलजवळच्या सोंगनाम शहरातला मोरान बाजार ४ आणि ९ ने संपणाऱ्या तारखांना भरतो आणि तो मेट्रोच्या मोरान स्थानकाला लागूनच आहे. हा बाजार एके काळी कुत्र्याच्या मांसासाठी कुप्रसिद्ध होता. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या संसदेने त्या व्यापारावर बंदीचा कायदा केला, पूर्ण अंमल २०२७ पासून. आपल्या गावात हा प्रश्न हमखास विचारला जातो, म्हणून सांगून ठेवलं. आज तिथे धान्य, मिरची, लसणाच्या माळा, रोपं, विळे, पिंप, कापडं, चपला असं सगळं मिळतं. म्हशाच्या जत्रेत घोंगड्या आणि शेतीची अवजारं बघत फिरणाऱ्या माणसाने मोरानच्या अवजारांच्या रांगेत अर्धा तास घालवावा. त्यांची खुरपणीची होमी हातात घेऊन बघा: लहान मूठ, वळून टोकाला आलेलं त्रिकोणी पातं, बसून काम करताना मनगट न दुखता माती सुटते. ती विकत घेऊन चेक-इन सामानात घालून आणता येते.

वेळ असेल तर जॉंगसॉनचा बाजारही गाठा. तो गांगवॉन या डोंगराळ प्रांतात आहे आणि २ व ७ च्या तारखांना भरतो. तिथे रानभाज्यांचे ढीग असतात, सुकवलेल्या, ओल्या आणि उकडून पिळलेल्या. गोसारी म्हणजे नेच्याचे कोवळे वळलेले कोंब. ते कच्चे खाल्ले तर बाधतात. म्हणून आधी उकळायचे, पाणी फेकायचं, पुन्हा रात्रभर पाण्यात ठेवायचे, मग वाळवायचे आणि खायच्या वेळी पुन्हा भिजवायचे. हे सगळं त्या बाजारातल्या म्हाताऱ्या बायका हातवारे करून, एक कोंब मोडून दाखवून सांगतात. आपल्याकडे शेवळं घशाला खाजतात म्हणून काकडं घालूनच शिजवतात. ती अक्कल कुठल्या पुस्तकातून आली नाही, आणि ही गोसारीचीही नाही. मला कोरियात सगळ्यात आपलेपणा वाटला तो या बायकांपुढे उकिडवं बसून भाज्या हाताळताना. फरक एवढाच की त्यांची रानभाजी प्रतवारी करून, वाळवून, पिशवीत भरून, गावाचं नाव छापून वर्षभर राजधानीत विकली जाते. आपल्या ठाकूर-कातकरी बायांची टोपली त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पडेल त्या भावाने जाते. जॉंगसॉनला गोंद्रे नावाच्या रानपाल्याचा भात मिळतो, वर पेरिलाच्या तेलाचा वास. तो शाकाहारी माणसाने जरूर खावा.

वागण्याच्या रीती थोडक्यात सांगतो. वडीलधाऱ्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय लहान सुरुवात करत नाहीत. काहीही देताना-घेताना दोन्ही हात, किंवा उजवा हात पुढे आणि डावा कोपराशी. पैसे, पाण्याचा पेला, भेट, सगळ्याला हाच नियम. दारूचा आग्रह होतो. घेत नसाल तर पेला दोन्ही हातांनी घ्या, ओठाला लावून खाली ठेवा, तेवढ्याने मान राखला जातो. घेणाऱ्याने आपला पेला आपण भरायचा नाही, आणि वडीलधाऱ्यासमोर तोंड जरा बाजूला वळवून प्यायचं. पहिल्याच भेटीत वय विचारतात, राग मानू नका. कोणाला कसं बोलावायचं हे त्यावर ठरतं. घरात, मठात आणि बऱ्याच हॉटेलांत जोडे बाहेर. मेट्रोच्या डब्यात टोकाच्या जागा वृद्धांसाठी असतात, त्या रिकाम्या असल्या तरी तरुण तिथे बसत नाहीत. डब्यात मोबाइलवर मोठ्याने बोलू नका. रस्त्यावर कचऱ्याचे डबे फारच कमी आहेत, तरी रस्ता स्वच्छ असतो, कारण लोक आपला कचरा पिशवीत घालून घरी नेतात. आपणही तसंच करावं.

आता बघायची ठिकाणं. सोलमध्ये १३९५ साली बांधलेला ग्यॉंगबोकगुंग राजवाडा मंगळवारी बंद असतो. त्यांचा पारंपरिक पोशाख भाड्याने घालून गेलात तर तिकीट लागत नाही. राजवाड्याच्याच आवारात राष्ट्रीय लोकजीवन संग्रहालय आहे, शेतकऱ्याने राजवाड्यापेक्षा तिथे जास्त वेळ द्यावा. नांगर, पाभर, लोणच्याचे रांजण, गावकीच्या वस्तू, आणि बाहेर उघड्यावर उभे असलेले जांगसुंग, म्हणजे गावाच्या वेशीवर रोवलेले चेहरे कोरलेले लाकडी खांब. ते गावाची राखण करतात अशी श्रद्धा. आपल्या डोंगरपट्टीत वाघोबाची लाकडी फळी कोरून वेशीवर, रानाच्या कडेला उभी करतात, ती ज्याने पाहिली आहे त्याला या खांबांपुढे खुलासा लागत नाही.

वाघाचं नातं पुढेही सापडतं. कोणत्याही जुन्या बौद्ध मठात मुख्य मंदिराच्या मागे, चढावर, एक लहानसं देऊळ असतं. त्यात पांढऱ्या दाढीचा म्हातारा आणि त्याच्या बाजूला वाघ, असं चित्र. हा सानशिन, डोंगराचा देव. बुद्ध आला त्याच्या आधीपासूनचा हा देव लोकांनी टाकला नाही, मठाच्या आवारात जागा दिली. तिथे गेलात तर मधल्या दाराने आत शिरू नका, ते मठवासीयांसाठी असतं. बाजूच्या दाराने जा, वाका, आणि आतले फोटो घेऊ नका.

मठांपैकी एकच निवडायचा झाला तर दक्षिणेकडचा हेइन्सा निवडा. तेराव्या शतकात मंगोल स्वाऱ्यांच्या काळात बौद्ध ग्रंथ लाकडी फळ्यांवर उलटे कोरले, ऐंशी हजारांवर फळ्या, त्या आजही शाबूत आहेत. पंख्याशिवाय आणि विजेशिवाय. ज्या कोठारांत त्या ठेवल्या आहेत त्यांच्या पुढच्या आणि मागच्या भिंतींतल्या खिडक्यांचा आकार वेगवेगळा आहे, त्यामुळे हवा आत खेळते. जमिनीखाली कोळसा, मीठ, चुना आणि वाळूचा थर आहे, तो ओल धरतो आणि सोडतो. भाताची कणगी आणि बियाणं पावसाळ्यात कसं टिकवायचं याची चिंता केलेल्या माणसाने ही बांधणी जाळीतून शांतपणे बघावी. आत सहसा जाऊ देत नाहीत.

आंदोंगजवळचं हाहवे हे जुनं गाव अजून वसतं आहे, २०१० पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. गवताच्या छपरांची आणि कौलारू घरं, मुखवट्यांचा नाच, आणि गावाच्या मधोमध सुमारे सहाशे वर्षांचा झेल्कोव्हा वृक्ष. त्याच्याभोवती लोक इच्छा लिहिलेल्या कागदाच्या पट्ट्या बांधतात. गावात लोक राहतात, तेव्हा कुंपणावरून डोकावू नका. दक्षिण टोकाला नामहे बेटावर गाचॉन दारेंगी गावात डोंगर समुद्रापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेला आहे आणि प्रत्येक पायरी म्हणजे एक खाचर. सिद्धगड-गोरखगडाच्या पायथ्याशी बांधबंदिस्ती करणाऱ्याला ते दगडी बांध बघायला आवडतील.

शेतीबद्दल प्रश्न विचारायचे असतील तर तयारीने जा. १९७० च्या दशकात त्यांनी ‘तोंगील’ नावाचं अधिक उत्पन्नाचं भात आणलं आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात तांदळात स्वयंपूर्णता मिळवली. चवीला ते लोकांना फारसं आवडलं नाही आणि पुढे मागे पडलं. आपल्या शेजारी कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे, तिथल्या वाणांची माहिती करून घेऊन गेलात तर बोलणं बरोबरीचं होईल. आपण राब भाजून रोप करतो, ते ट्रेमध्ये रोपांची चटई करून यंत्राने लावतात. हे यंत्र लहान खाचरात कसं वळतं, रोप किती दिवसांचं असतं, भाड्याने मिळतं का, हे बांधावर उभं राहून विचारा. १९६१ मध्ये उभ्या राहिलेल्या नोंगह्यॉप या सहकारी महासंघाची कर्ज, खत, खरेदी आणि किरकोळ विक्रीची दुकानं अशी एकच साखळी आहे. सेवा सोसायटीचं काम केलेल्यांनी त्याचं एक स्थानिक कार्यालय आणि त्यालाच लागून असलेलं दुकान बघावं. सुवॉन शहरात २०२२ मध्ये राष्ट्रीय कृषी संग्रहालय उघडलं आहे, तेही सोलहून सोपं पडतं. आणि सगळं गुळगुळीत आहे असं समजू नका. तिथल्या शेतकरी कुटुंबांतल्या माणसांत निम्म्याहून अधिक ६५ च्या पुढची आहेत, तरुण गाव सोडून गेले. आपल्या गावाचं पुढचं चित्र म्हणून हे नीट बघून यावं असं मला वाटतं.

उत्तरेकडच्या सीमेवर इमजिनगाकला अर्धा दिवस जा, पासपोर्ट जवळ ठेवा. तिथे उभं राहिल्यावर आपल्या माणसाचीही आठवण असू द्या. जुलै १९५३ मध्ये उत्तर आणि दक्षिण कोरियातली लढाई थांबली तेव्हा मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या सुमारे तेवीस हजार युद्धकैद्यांची देखरेख भारतीय तुकडीकडे आली, आणि तिचे प्रमुख होते कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी भारतीय सैनिकांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला, म्हणून इंचॉनच्या समुद्रातून हेलिकॉप्टरने त्यांना थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. त्यांच्या छावणीचं नाव हिंद नगर होतं. सोलच्या युद्धस्मारकात, जिथे प्रवेश फुकट आहे आणि सोमवारी सुट्टी असते, भारताच्या ६० पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्सने युद्धात केलेल्या रुग्णसेवेचीही दखल आहे. ती बघून या, मुलांना दाखवा.

तब्येत बिघडली, वाट चुकली, सामान हरवलं, तर घाबरू नका. पर्यटकांच्या मदतीसाठी १३३० हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि इंग्रजीत बोलता येतं. पोलीस ११२, रुग्णवाहिका व अग्निशमन ११९. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते, म्हणून हे तीन क्रमांक आणि मुक्कामाच्या हॉटेलचा कोरियन लिपीतला पत्ता एका कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात वेगळा ठेवा.